अर्धी वीज कुठे जाते?

कुंदाताईने धाकट्या बहिणीचं दार वाजवलं ते पाच वर्षांनी, आणि तेही आत पाय ठेवायचा नाही असं ठरवूनच. हेमलताने दार उघडलं तशी बाहेरची झळ भट्टीचं तोंड उघडावं तशी अंगावर आली. पायरीच्या खाली, उन्हातच, ताई उभी होती. डोक्याला ओला पंचा, खांद्यावर जाड काळ्या केबलचं भेंडोळं. नजर हेमलताच्या चेहऱ्यावर नव्हती, दाराच्या कडीवर होती.

"यांचं अंग तापून राहिलं आहे," ती म्हणाली. "माझा पाया रिकामा झाला. तुझ्यातली थोडी वीज दे. वायर मी आणली आहे."

त्या वर्षी चंद्रपूरचा पारा पन्नासच्या जवळ जाणं ही बातमी राहिली नव्हती. बातमी होती धुळीच्या वादळाची. मेच्या अखेरीस आलेल्या त्या वादळाने उच्चदाबाच्या तारांचे मनोरे एकामागून एक आडवे केले होते, नागपूरचा रस्ता उन्मळलेल्या झाडांनी आणि पत्र्यांनी बंद झाला होता, आणि शहराची वीज कधी येईल हे कुणी सांगत नव्हतं. कुंदाताईच्या छपरावरची सौर पॅनेलं वाऱ्याने उपटून शेजारच्या मैदानात नेऊन टाकली होती. हेमलताची जागेवर होती, पण त्यांच्यावर पिवळ्या धुळीचा जाड थर बसला होता आणि वर आकाशही त्याच रंगाचं होतं.

कुंदाताईचे यजमान दिगंबरराव निखाडे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू गेलेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांचं शरीर आता स्वतःची उष्णता सांभाळू शकत नाही, खोली थंड राहिलीच पाहिजे. वादळापासून कुंदाताईने त्यांच्या खोलीतला एसी बंद केला नव्हता. तो आज सकाळी आपोआप बंद पडला.

हेमलताच्या घरातही एकच एसी चालू होता. त्या खोलीत तिची मुलगी ऋजुता बाळंतीण होती. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, मुठीएवढं. जावई नागपूरला अडकलेला.

या घरांबद्दल थोडं सांगायला हवं.

सिमेंटमध्ये काजळीसारखा बारीक कार्बन मिसळला की सिमेंट आळताना तो मुळांसारख्या फांद्या फोडत आत पसरतो. त्या जाळ्याचा पृष्ठभाग इतका अफाट असतो, की उलगडून अंथरला तर अख्खं गाव झाकेल. असे दोन थर, मधे एक पातळ पडदा, आणि सगळं क्षाराच्या पाण्याने भिजवलेलं, की झालं धारित्र, म्हणजे आपला कपॅसिटर. बॅटरीत रासायनिक क्रिया चालते आणि काही वर्षांनी बॅटरी थकते. इथे क्रिया काही नसते. एका थरावर धन प्रभार जमतो, दुसऱ्यावर ऋण, आणि पडद्याच्या दोन बाजूंनी ते एकमेकांना ओढून धरून बसतात. दिवसा छपरावरच्या पॅनेलांनी पाया भरायचा, रात्री घराने तो वापरायचा. घर ज्यावर उभं आहे तेच त्याची वीज साठवतं.

हेमलताचे वडील नीळकंठ झाडे औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कोळशाची धूळ खाल्लेला माणूस काजळीपासून वीज साठवायचं घर बांधायला निघाला, याचं सगळ्या गल्लीला हसू आलं होतं. दोन मुलींसाठी त्यांनी दोन घरं बांधली, मधे हातभर रुंदीची बोळ ठेवली, पण पाया एकच. जमिनीखालून तांब्याच्या जाड पट्ट्या टाकून दोन्ही बाजू जोडलेल्या. ते असेपर्यंत सगळं ठीक चाललं.

ते गेले आणि दिगंबररावांनी मागच्या खोलीत मश्रूम लावायला सुरुवात केली. मश्रूमला चोवीस तास थंडावा लागतो. एका संध्याकाळी शहराची वीज गेली, आभाळ ढगाळ असल्याने पाया आधीच निम्मा, आणि मश्रूमची यंत्रं चालूच. त्याच वेळी ऋजुता संगणकावरून जर्मनीतल्या विद्यापीठाची मुलाखत देत होती. उत्तर देता देता तिच्यासमोरचा पडदा काळा झाला. त्या लोकांनी पुन्हा वेळ दिली नाही. हेमलता त्या संध्याकाळी ताईच्या दारात जाऊन जे बोलली, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. ताईही गप्प बसली नाही. बाबांचा पाया आहे, तुझ्या एकटीचा नाही, असं ती म्हणाली. महिन्याभरात पाया बांधणाऱ्या कंपनीच्या माणसांना बोलावून बोळीतल्या तांब्याच्या पट्ट्या कापून घेण्यात आल्या. कापलेली टोकं दोन लोखंडी पेट्यांत बंद केली, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. वीज बदलणारं मोठं यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, ताईच्या बाजूला राहिलं. हेमलताने स्वतःसाठी छोटं बसवून घेतलं.

पुढे दिगंबररावांना झटका आला. मश्रूमची खोली बंद झाली. हेमलता दवाखान्यापर्यंत गेली होती, काचेच्या दाराबाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईला पायरीखाली उभं पाहून हेमलताला पहिली गोष्ट सुचली ती कुणालाही सुचली असती. तिने स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि खिडकीतून बोळीपलीकडे दिला. ताईने दिगंबररावांच्या एसीची पिन त्यात घातली. तो सुरू होताच हेमलताचं छोटं यंत्र किंचाळलं आणि बंद पडलं. दोन एसी ओढण्याची त्याची ताकदच नव्हती. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी आत बाळ उकाड्याने रडायला लागलं, तेव्हा ऋजुताने आतूनच सांगितलं की आता पुन्हा करू नका.

मग उरला एकच मार्ग. मोठं यंत्र ताईकडे आणि भरलेला पाया हेमलताकडे. यंत्र पायाशी कायमचं सांधलेलं, त्यामुळे वीज आधी ताईच्या घराच्या पायात गेली पाहिजे, मगच यंत्राला मिळणार. म्हणजे पायाला पाया जोडायचा. ताई केबल घेऊन आली होती ती त्यासाठीच.

हेमलता कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. निवृत्तीला थोडाच अवधी राहिलेला. हा धडा ती दरवर्षी बारावीला शिकवत आली होती. एक भरलेलं धारित्र घ्यायचं, तेवढंच दुसरं रिकामं घ्यायचं आणि दोन्ही जोडायची. भरलेल्यातला प्रभार रिकाम्यात वाहतो, दोन्हींचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा होईपर्यंत. सुरुवातीला जोरात, मग हळू, मग आणखी हळू, पाण्याच्या दोन टाक्या नळीने जोडाव्यात तसा. प्रभार निम्मा-निम्मा वाटला जातो, त्यातला कणही हरवत नाही. पण ऊर्जा मोजली तर गंमत होते. प्रत्येकाकडे प्रभार निम्मा आणि दाबही निम्मा. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव. दोघांचे दोन पाव मिळून अर्धं होतं.

"मॅडम, मग बाकीची अर्धी वीज कुठे जाते?" दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

वायरीत जळते, असं ती सांगायची. मग पोरं उपाय सुचवायची. जाड वायर घ्या. घेतली, तर प्रवाह मोठा वाहतो आणि काम चटकन उरकतं, पण जळायचं तेवढंच जळतं. मग मधे मोठा रोध घाला. घातला, तर प्रवाह मंदावतो आणि वेळ लागतो, जळायचं तेवढंच जळतं. रोध फक्त किती वेळात ते ठरवतो, किती नुकसान ते नाही. आणि सुरुवातीचा काळ तर सगळ्यात वाईट. समोरचं धारित्र अगदी रिकामं असतं तेव्हा इकडून निघालेली जवळजवळ सगळीच ऊर्जा वाटेत जळते.

हे तिने ताईला थोडक्यात सांगितलं. यातली अर्धी वाया जाईल, दोन्हीकडे पाव-पाव उरेल. वाया न घालवता वीज हलवणारं उपकरण असतं, पण ते नागपूरला, आणि रस्ता बंद.

ताईने ऐकून घेतलं. "पाव तर पाव," ती म्हणाली. "तेवढ्याने दोन दिवस निघाले तर तोवर लाईन येईल."

हेमलताने मान डोलावली. त्या क्षणी दुसरा एक उपाय तिच्या मनात आला नाही असं नाही. तो इतका साधा होता की गणित मांडायचीही गरज नव्हती. पण त्यासाठी जे बोलावं लागलं असतं ते तिच्या तोंडून निघालं नाही, आणि ताईच्याही निघालं नाही. वायर मागणं सोपं होतं, देणंही सोपं होतं.

दोघी कामाला लागल्या. थेट जोडलं तर केबल वितळली असती, म्हणून मधे रोध हवा. हेमलताच्या माळ्यावर प्रयोगशाळेतून मोडीत निघालेल्या जुन्या विजेच्या शेगड्या होत्या. त्यांच्या कॉइली तिने एकत्र जोडल्या आणि बोळीत विटांवर मांडल्या. लोखंडी पेट्या गंजून घट्ट झाल्या होत्या, त्या ताईने पान्याने ठोकून उघडल्या. साठीपलीकडची बाई, पण हात अजून भक्कम. मोजणारी सगळी साधनं लावून झाल्यावर हेमलताने रबरी हातमोजे घातले, ताईला मागे सरकायला सांगितलं आणि खटका खाली ओढला.

कॉइली आधी काळपट लाल झाल्या, मग केशरी.

त्या बोळीत आधीच श्वास घेववत नव्हता. आता त्यात शेगडी पेटली होती. दोघी भिंतीला पाठ लावून काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. हेमलताच्या घराच्या पायाचा दाब उतरत होता. ताईच्या पायाचा काटा हलला आहे की नाही हे कळत नव्हतं. हेमलताला ठाऊक होतं की तो यंत्र सुरू होण्याएवढा चढायला बराच वेळ जाणार. पाऊण तास गेला असेल. मधे ताई दोनदा आत जाऊन नवऱ्याच्या अंगावरची ओली चादर बदलून आली. दुसऱ्या वेळी आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते. दिगंबरराव हाकेला ओ देत नाहीत, डोळे उघडतात आणि मिटतात, असं ती म्हणाली.

हेमलता कॉइलीकडे बघत राहिली. तिच्या नातवाची वीज त्या बोळीला तापवत होती. दिगंबररावांचीही तीच. पन्नास अंशाच्या दुपारी ती उघड्यावर शेगडी पेटवून उभी होती, आणि ती पेटवण्यामागे एकच कारण होतं, की त्या माणसाने तिच्या घरात येऊ नये.

तिने खटका वर केला. कॉइली विझताना तडतडल्या.

"काहून बंद केलं?" ताई दचकून पुढे आली.

"ताई, वीज तिकडे न्यायची नाही," हेमलता म्हणाली. "भाऊजींना इकडे आण."

ताईने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "आत ऋजू आहे."

"मी विचारते."

ऋजुताने आईचं बोलणं शांतपणे ऐकलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिचं सगळं आयुष्य त्या एका संध्याकाळने वळलं होतं. वाईट झालं असं नाही, नोकरी मिळाली, मनासारखा नवरा मिळाला, पण कधी जर्मनीचं नाव निघालं की ती अजूनही विषय बदलायची, हे हेमलताला ठाऊक होतं.

"मी विसरले नाही, आई," ती म्हणाली. "मावसाजींना आणा. मी रागावून इकडच्या खाटेवर बसेन, ते तिकडच्या खाटेवर राहतील. राग धरायला वेगळी खोली लागत नाही."

दिगंबररावांना आणणं सोपं नव्हतं. दोघी बहिणींनी त्यांना चादरीत घेतलं, पुढे ताई, मागे हेमलता. बोळ अरुंद, म्हणून पुढच्या अंगणातून वळसा घालावा लागला. तेवढ्या वाटेत त्यांच्या उघड्या पायाला ऊन लागलं आणि ते कण्हले. ऐकू आलेला पहिला आवाज तो. ताईला त्याचाच धीर आला. खोलीत आणून त्यांना भिंतीलगतच्या दिवाणावर झोपवलं, काखेत ओल्या घड्या ठेवल्या, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तासाभराने त्यांनी डोळे नीट उघडले आणि खोली ओळखली. नजर फिरत फिरत ऋजुतावर आणि मांडीवरच्या बाळावर आली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

एका खोलीत पाच माणसं राहू लागली. एक एसी, एक दिवा, रात्री खाली अंथरलेल्या दोन सतरंज्या. पहिल्या दिवशी बोलणं फक्त कामाचं होत होतं. पाणी आहे का, औषध झालं का, दार नीट लाव. कुंदाताई स्वतःच्या घरून तांदूळ, लोणचं आणि पाण्याचे माठ घेऊन आली. बाळाला हात लावण्याआधी ती ऋजुताकडे बघायची. ऋजुता नुसती मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी ऋजुताच्या एक गोष्ट लक्षात आली. दिगंबरराव सारखे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती, म्हणजे तिकडे वळायचं तर गेलेल्या बाजूवर पडावं लागायचं. त्या कुशीवर पडलं की त्यांचा खांदा दुखतो, असं कुंदामावशी कालच म्हणाली होती. ताईने त्यांना सरळ केलं की थोड्या वेळाने ते डाव्या हाताने दिवाणाची कड रेटत, धापा टाकत पुन्हा तिकडेच वळायचे. ताईला वाटलं, भिंत गार लागत असेल.

ऋजुताला कळायला वेळ लागला. ती बाळाला पाजायला घेई तेव्हाच ते वळत. बाळ दर दीड-दोन तासांनी उठत होतं. बोलता न येणारा माणूस तिला संकोच वाटू नये म्हणून दिवसभर त्या दुखऱ्या खांद्यावर पडून राहत होता.

ती उठली, आईच्या कपाटातून जुनी साडी काढली आणि दोन खिळ्यांना दोरी बांधून खोलीच्या मधे तिचा पडदा केला. मग पडद्यापलीकडे जाऊन ती म्हणाली, "मावसाजी, आता या बाजूला वळा. मला काही दिसत नाही, तुम्हालाही नाही."

तिने आणि मावशीने मिळून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. त्यांच्या तोंडून काही निघालं. शब्द नीट नव्हता. "ऋ" एवढंच ऐकू आलं. पडद्याआड परत येऊन ऋजुता बाळाला घेऊन बसली, आणि बराच वेळ ती रडत असल्याचं फक्त हेमलताने पाहिलं.

पाया मात्र उतरत होता. एसीचं तापमान त्यांनी वाढवून ठेवलं, फ्रिज बंद केला, दिवाही बंद केला. धुरकट उन्हात पॅनेलं जेमतेम काहीतरी देत होती. म्हणून एका पहाटे दोघी बहिणी शिडी लावून छपरावर चढल्या आणि ओल्या फडक्यांनी एकेक काच पुसायला लागल्या. खाली झाडं पडलेलं शहर, कुठे दिवा नाही, आणि पूर्वेला तांबूस धूळ. लहानपणी दोघी क्वार्टरच्या गच्चीवर वाळवणं राखायच्या, त्यानंतर असं एकत्र काम केल्याचं दोघींनाही आठवेना.

बोलणं ताईने काढलं. त्या संध्याकाळी ऋजूची मुलाखत आहे हे तिला ठाऊक नव्हतं, दिगंबररावांना ठाऊक होतं. ते विसरले. नंतर त्यांना इतकी लाज वाटली, की माफी मागायला जाण्याऐवजी ते चिडत राहिले. पट्ट्या कापल्या त्या दिवशी ते जेवले नव्हते. हे सगळं ताईने काच पुसता पुसता, हेमलताकडे न बघता सांगितलं.

"मग तू का नाही आलीस?" हेमलताने विचारलं.

"तू दारात जे बोललीस, त्यानंतर तुझ्या दारात यायला पाऊल उचललं नाही. परवाही वायरच मागितली. आत घे म्हणून नाही मागता आलं."

हेमलताने फडकं पिळलं. "मला आत बोलवायचं सुचलं नाही, असं नाही," ती म्हणाली. "सुचलं होतं. मी कॉइली मांडत बसले."

ताईने पुढची काच पुसायला घेतली. ऊन चढायच्या आत सगळी पॅनेलं स्वच्छ झाली. त्या दिवशी काटा उतरायचा थांबला नाही, पण त्याची गती कमी झाली.

चौथ्या दिवशी भर दुपारी काटा यंत्र चालायला लागणाऱ्या किमान दाबाच्या रेषेला आला आणि एसी बंद पडला. हेमलताने हिशोब मनातच केला. बोळीत पाऊण तास जे जळलं, ते वाचलं असतं तर ही दुपार निघून गेली असती. दुपारभर तिला ते बोचत राहिलं.

खोली तापायला लागली. माठातलं सगळं पाणी कामी आलं. खिडक्यांना ओल्या चादरी, जमिनीवर पाणी, दिगंबररावांच्या अंगावर ओला पंचा. ताई आणि हेमलता आळीपाळीने पाणी आणत होत्या. बाळाला फक्त एका ओलसर मऊ कापडात ठेवलेलं. दुपारी सगळ्यात वाईट वेळ आली तेव्हा दिगंबररावांचा श्वास जोरात व्हायला लागला आणि चेहरा तांबडा झाला. ऋजुताने मधली साडी एका झटक्यात ओढून काढली, कारण वारा अडत होता. बाळाला तिने एका मांडीवर घेतलं, दिवाणाच्या कडेला बसली आणि पुठ्ठ्याने दोघांना एकदमच वारा घालायला लागली. हात बदलत, न थांबता. मधे बाळ रडलं तेव्हा तिने त्याला तिथेच पाजायला घेतलं. दिगंबरराव वळायला लागले.

"वळू नका," ती म्हणाली. "डोळे मिटा, तेवढं पुरे. तुम्ही वळलात तर मला वारा घालता येत नाही."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेतून पाणी येत होतं. तो घाम असावा असं वाटून ताईने घाईने हात लावून पाहिला, आणि मग ते पुसलं नाही.

सूर्य कलला, भिंती हळूहळू निवल्या, श्वास सावकाश झाला. सगळे नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत शहराची लाईन आली. शेजारच्या रिकाम्या घरात कुंदाताईचा एसी आपोआप सुरू झाल्याचा आवाज बोळीतून ऐकू आला. ताईने तो ऐकला. ती त्या वेळी पायांवर बाळाला पालथं घालून तेल लावत होती, आणि लावतच राहिली. निखाडे कुटुंब आपल्या घरी गेलं ते संध्याकाळी, जेवण झाल्यावर.

जूनच्या मध्यावर रस्ते मोकळे झाले. कंपनीचा फिटर नवी पॅनेलं घेऊन ताईकडे आला, तेव्हा हेमलताने त्याला बोळीत नेऊन विचारलं की पट्ट्या परत जोडता येतील का. त्याने येतील म्हणून सांगितलं, पण आज नको. दोन्ही पाये पूर्ण भरू द्या, दाब अगदी सारखा होऊ द्या. हेमलताला ते ठाऊकच होतं, तरी तिने ऐकून घेतलं.

आठवड्याने तो पुन्हा आला. ताईने दिगंबररावांना चाकाच्या खुर्चीत बसवून बोळीच्या तोंडाशी आणलं. ऋजुता बाळाला घेऊन खिडकीत उभी राहिली. फिटरने तांब्याची नवी पट्टी एका टोकाला घट्ट केली आणि दुसऱ्या टोकाला टेकवायला घेतली. त्या दुपारच्या लालभडक कॉइली ताईने पाहिल्या होत्या. तिने खुर्ची दोन पावलं मागे ओढली आणि नवऱ्याच्या डोळ्यांपुढे हात धरला.

पट्टी टेकली. ठिणगी उडाली नाही. काटा जिथे होता तिथेच राहिला. फिटर शांतपणे नट आवळू लागला.

"जोडलं?" ताईने विचारलं.

"जोडलं," हेमलता म्हणाली.

"काहीच झालं नाही."

"दोन्हीकडे सारखं असलं की काही होत नाही, ताई."

ताईने हात खाली घेतला. आणखी काही होतं का म्हणून ती थोडा वेळ थांबली. मग फिटरला चहा लागेल म्हणून वळली आणि हेमलताच्या मागच्या दाराने सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेली. साखर कोणत्या डब्यात आहे हे तिने विचारलं नाही. डबे उघडून पाहिल्याचे आवाज बाहेर ऐकू येत राहिले.